तुमच्या वहीतला ‘स्वयं’

अहो,

काल विनू आला होता. आपला जिना चढून, वर, आपल्या घरात. अठ्ठावीस वर्षांनी! तुम्ही असतात तर आधी विश्वास ठेवला नसतात, आणि मग लगबगीने आत जाऊन धुतलेला शर्ट घातला असतात. तो आपणहून आला नाही, मी बोलावलं म्हणून आला. का बोलावलं आणि पुढे काय झालं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून लिहायला बसले.

लिहायची सवय तुमचीच. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. तुम्ही म्हणालात, जे वाचशील त्यातल्या दोन ओळी उतरवून ठेव, म्हणजे ते तुझं झालं. इतक्या वर्षांत किती वह्या भरल्या! पण तुम्हाला पत्र कधी लिहिलं नव्हतं. लिहायला तुम्ही लांब गेलात कधी?

मागच्या महिन्यात तुमची पत्र्याची पेटी उघडली. वाटलं, जुने व्हॉल्व्ह आणि तारांची भेंडोळी असतील, भंगारवाल्याला देऊन टाकावीत. तर खाली तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या. ऑफिसात जे लिहायचात त्याचीच घरची नक्कल. कुठल्या दिवशी कुठलं विनापरवाना प्रक्षेपणाचं मशीन शोधलं, कुठून दिशा घेतली, किती अंश आले. सगळं हिंदीत, कारण ऑफिस हिंदीतलं. आणि चूक झाली तर तीही! एका पानावर लिहिलंय, ‘तीन अंश की भूल. कारण — जल्दबाज़ी.’ स्वतःच्या घरच्या वहीत असं कोण लिहितं हो?

वाचता वाचता तो रविवार आला. पहिली दिशा तुमच्या ऑफिसच्या केंद्रावरून, आकडा. दुसरी दिशा सीपरी बाज़ार, घर की छत, म्हणजे आपली गच्ची, आकडा. आणि पुढच्या रकान्यात, दिशा कोणी घेतली तिथे, तुमच्या त्या सरळ अक्षरात एकच शब्द. स्वयं.

मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ती दिशा तुम्ही घेतली नव्हतीत. मी घेतली होती.

तुमचं स्थळ आलं तेव्हाचं आठवतं? मध्यस्थाने सांगितलं, मुलगा साताऱ्याकडचा आहे, झाँसीत बदलून आलाय, रेडिओत आहे. झालं! ओरछा गेटच्या आमच्या सगळ्या गल्लीला वाटलं, जावई रेडिओवर गातात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलात तर आईने बाजाची पेटी काढून ठेवलेली आणि शेजारची चार माणसं ऐकायला बसलेली! तुम्ही घाम पुसत म्हणालात, “मी रेडिओवर बोलत नाही हो. जो बोलायला नको तो कुठून बोलतोय, ते शोधतो.” सगळ्यांचे चेहरे पडले. एकटा आमचा धाकटा, विनू, तेवढा पुढे सरकून बसला. तेव्हा तो कॉलेज सोडून एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला होता. “कसं शोधता जीजाजी?” म्हणाला. तुम्ही त्याला तासभर सांगत बसलात. पानं वाढून गार झाली.

मला मात्र तुम्ही सांगितलं नाहीत, करायला लावलंत. कॅरमचा बोर्ड फुटला होता, त्याची नुसती चौकट उरली होती. तिच्यावर तुम्ही तांब्याची तार गुंडाळलीत, मधोमध दांडा लावून गच्चीवर उभी केलीत, तारेची टोकं रिसीव्हरला जोडलीत आणि हेडफोन माझ्या कानांना लावलात. “फिरव हळूहळू. आवाज मोठा कुठे होतो ते नको बघूस. मोठा तो बऱ्याच ठिकाणी वाटतो. मरतो कुठे ते सांग.” मी फिरवत गेले. दिल्लीच्या बातम्या लागल्या होत्या. एका जागी ते निवेदक असे गप्प झाले की कोणी तोंडावर हात ठेवावा! “मेला,” मी ओरडले. “आता चौकटीतून समोर बघ,” तुम्ही म्हणालात, “दिल्ली तिकडे.”

शेजारच्या गच्चीवरून पंडिताइन बघत होती. “काय बहनजी, कैरम खड़ो करकें खेलत हो का?” तुम्ही हसून हसून खाली बसलात.

माझा कान तुमच्यापेक्षा चांगला, हे तुम्ही किती सहज कबूल केलंत. दुसऱ्या कोणाचा नवरा केला असता? रविवारी जेवणं झाली की तुम्ही एकेक स्टेशन लावायचात आणि मी आवाज मारायची. तुम्ही होकायंत्र ठेवून खडूने गच्चीवर रेघ ओढायचात. माझ्या मराठीला हसायचात, “आवाज खतम झाला काय म्हणतेस, संपला म्हण,” आणि माझ्या रेघा मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नकाशावर ताडून यायचात. “दोन अंश,” घरात शिरता शिरता सांगायचात, चपला काढायच्या आधी. “फक्त दोन अंश चुकलीस.”

तो रविवार त्यातलाच. सरकारी वायरलेसमध्ये कुठूनतरी शीळ घुसते अशी तक्रार होती. बोलणं नाही, गाणं नाही, नुसती बारीक शीळ, रविवारी दुपारी थोडा वेळ यायची आणि जायची. केंद्रावरून तुम्ही आधीच्या आठवड्यात एक रेघ घेतली होती. एका रेघेने काय कळतं? दुसरीकडून आणखी एक हवी, दोन रेघा जिथे कापतील तिथे माणूस. पण तुम्हाला सर्दीने दडे बसलेले, एका कानाने काही ऐकू येईना. सुट्टीच्या दिवशी साहेबांना सांगून तुम्ही रिसीव्हर घरी आणला होतात. म्हणालात, “तूच बघ गं. माझ्याच्याने नाही होत.”

शीळ आली. मी चौकट फिरवली. किती पटकन मेली ती! इतकी स्वच्छ दिशा मला कधी मिळाली नव्हती. तुम्ही रेघ ओढलीत. रेघ एका टोकाला किल्ल्याच्या जरा उजवीकडून शहरात जात होती आणि दुसऱ्या टोकाला पाठीमागे शिवपुरीच्या रस्त्याकडे. चौकटीला पुढचं-मागचं कळत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मी म्हणाले, “शिवपुरीकडचा असेल कोणी. शहरात इतक्या दाटीत कोण असले धंदे करतंय!”

माझ्या माहेरचा रस्ता तो. त्या दिशेला मी गच्चीवरून रोज बघायची. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. खरंच आलं नाही हो. एवढं तरी तुम्ही मानलंत ना?

सोमवारी तुम्ही घरी आलात ते चपला काढून, पाय धुऊन, पाटावर बसलात आणि अंशांचं काही बोललाच नाहीत. मी विचारलं, “किती चुकले?” तुम्ही म्हणालात, “अजिबात नाही.” मग नकाशा उलगडलात. दोन रेघा ओरछा गेटच्या आत कापत होत्या. बोट ठेवायचीही गरज नव्हती. त्या गल्लीत रेडिओ उघडून बसणारा माणूस एकच.

तुम्ही केंद्रावर आधीच सांगून आला होतात. लपवणं तुमच्याने झालंच नसतं, आणि मी तसं म्हणालेही नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याने घरी जुळवलेलं मशीन जप्त झालं. विनूला चौकीत बसवून ठेवलं. रेल्वेत तो लागणार होता, कागद सगळे झाले होते, ते राहिलं. आणि गल्लीत, देवळात, गणपतीत जिथे जिथे आपली मराठी घरं जमतात तिथे एकच वाक्य फिरलं, ‘जावयाने मेव्हण्याला पकडून दिलं.’

मी म्हणाले होते, आज जाऊन सांगते आईला, की दिशा मी दिली. पदर खोचून निघालेही होते. तुम्ही दारात उभे राहिलात. काय म्हणालात ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. “माझं साताऱ्याचं घर आहे. तुझं माहेर तेवढं एकच आहे. मला शिव्या सोसतील.”

तेव्हा मला ते फार मोठं वाटलं. रडले मी. पण आता, तुम्ही नाही तर जरा रागावून बोलते. दारात कशाला उभे राहिलात? मी त्यांच्या नजरेत खाली पडले असते, पुन्हा उठले असते. आईने चार दिवस तोंड फिरवलं असतं. विनू माझ्याशी भांडला असता, आणि बहिणीशी भांडण किती दिवस टिकतं? जावयाशी टिकतं. तुम्ही अंशाअंशाचा हिशेब करणारे, हे कसं चुकलात?

आणि मी? मला तुम्ही अडवलंत हे खरं, पण दुसऱ्या दिवशी तर तुम्ही ऑफिसात होतात. तेव्हा कोणी अडवलं होतं मला? त्या पुढच्या भाऊबीजेला कोणी अडवलं होतं?

दर भाऊबीजेला तुम्ही मला स्कूटरवरून ओरछा गेटच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचात आणि चहाच्या टपरीवर पेपर उघडून बसायचात. मी आत जाऊन विनूला ओवाळायची, जेवायची. वहिनी डब्यात करंज्या भरून द्यायची. परत येताना मी म्हणायची, “विनूने तुमच्यासाठी दिल्यात.” तुम्ही म्हणायचात, “अरे वा,” आणि तिथेच टपरीवर उभ्याउभ्या एक खायचात. तुम्हाला माहीत होतं की त्याने दिलेल्या नाहीत. मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. अशा किती करंज्या खाल्ल्यात हो तुम्ही?

शेवटची वर्षं तुमचे कान गेले. जन्मभर हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकले त्याचं हे फळ, डॉक्टर म्हणाले. उजवा तर पूर्ण गेला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की तुम्ही गच्चीच्या दाराकडे जायचात. गच्चीवरून मारली की पुढच्या खोलीत. मग मध्येच उभे राहून विचारायचात, “अगं, आहेस तरी कुठे?” मी हसायची. कोसावरचा चोर शोधणारा माणूस, त्याला दोन खोल्यांत बायको सापडेना! मग मी बोलणं सोडून समोर येऊन उभी राहायची. तुमचा चेहरा असा सैल व्हायचा. अजूनही कधी कधी काही विचारायचं झालं की मी आधी उठून पुढच्या खोलीत जाते.

तर काल.

मी विनूच्या मुलीला फोन करून सांगितलं होतं, वडिलांना पाठव, महत्त्वाचं आहे. तो आला. केस सगळे पांढरे झालेत, गुडघे दुखतात. तुमच्या फोटोकडे बघितलं नाही. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, जसा कोणाच्या ऑफिसात बसावा. मी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि मनाशी म्हटलं, आता उशीर नको.

“विनू, ती दिशा मी घेतली होती.”

“कुठली दिशा?”

“तुझ्या मशीनची. त्या रविवारी. गच्चीवरून.”

तो हसला. “अक्का, मजाक मत कर. मी मजाक ऐकायला चार मैल आलो नाही.”

मी तुमची वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला, पान वाचलं, बोट फिरवत फिरवत शेवटच्या रकान्यापर्यंत गेला. “इथे तर स्वयं लिहिलंय.”

“ते खोटं आहे.”

“जीजाजी खोटं लिहितील?” असा उसळून म्हणाला! ऐकताय ना? अठ्ठावीस वर्षं ज्याने तुमचं नाव काढलं की उठून जायचं, तो तुमच्या बाजूने माझ्याशी भांडायला लागला. “ते कधी वहीत खोटं लिहितील? सगळ्या झाँसीत त्यांच्यासारखा सरळ माणूस नव्हता, म्हणून तर मी—” आणि थांबला.

मग त्याने माझी परीक्षा घेतली. आपल्या दुकानात उमेदवाराची घ्यावी तशी. “सांग. चौकट फिरवताना आवाज मोठा होतो ती दिशा, का मरतो ती?”

“मरतो ती. मोठा बऱ्याच ठिकाणी वाटतो. मरतो तो एका जागी मरतो.”

“आणि पुढे आहे का मागे, ते?”

“नाही कळत. मी शिवपुरीकडे म्हटलं होतं.”

त्याने कप खाली ठेवला. मग विचारलं, “किती अंश चुकली होतीस?”

“अजिबात नाही.”

“वाह,” तो म्हणाला. खरंच म्हणाला. त्याचा चेहरा त्या क्षणी कॉलेज सोडलेल्या विनूचा झाला होता. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

पण तसं नाही झालं. तो तुमच्या फोटोकडे बघायला लागला, आल्यापासून पहिल्यांदा. “मशीनचं मी केव्हाच विसरलो, अक्का,” म्हणाला. “नोकरीचंही. दुकान बरं चाललं माझं. मला सलत होतं ते एकच. शिकवलं त्यांनीच, तासभर बसवून. आणि पकडताना एकदा येऊन सांगावंसं वाटलं नाही? एवढंच. आणि ते दर भाऊबीजेला कोपऱ्यावर बसायचे. मला वरून दिसायचे. मी मुद्दाम खिडकीत उभा राहायचो, म्हणजे त्यांना दिसावं की मी बघतोय आणि बोलवत नाही.”

मी वही मिटून मांडीवर घेतली. तो पुढे बोलतच होता.

“ते गेले तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, जा. मी दुकानाचं शटर आतून ओढून बसून राहिलो. त्यांना खांदा द्यायला आलो नाही. तू नुसता एक फोन करून सांगितलं असतंस, विनू, मी होते, ते नव्हते, मी. तर मी चालत आलो असतो. तू माझ्यावर दया केलीस की त्यांच्यावर? कोणावर केलीस?”

अहो, मला वाटत होतं तो पकडल्याबद्दल रागावेल. त्याचं उत्तर मी महिनाभर जुळवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. मी म्हटलं, “माझं चुकलं.” तो म्हणाला, “हो.” आणि उठला.

मी तुम्हाला हे गोड करून सांगत नाही. तो रागात गेला. अर्धा चहा तसाच राहिला. मी जिन्याच्या वर उभी होते, तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. मधल्या वळणावर थांबला. वर न बघता विचारलं, “वर्षश्राद्ध कधी आहे?”

“कार्तिक वद्य षष्ठी.”

दोन पायऱ्या उतरला. पुन्हा थांबला.

“आपल्या पंचांगाने ना? इथल्या नव्हे?”

इथल्या लोकांचा वद्य पक्षाचा महिना आपल्या आधी लागतो. ह्या एका गोष्टीत आपल्या इथल्या घरांचा दर वेळी गोंधळ. कोणी महिनाभर आधीच येऊन उभं राहतं.

“आपल्या,” मी म्हणाले.

तो गेला. येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही. तारीख लिहून घेतली की नाही ते वरून मला दिसलं नाही.

आपला अजय तुमचं श्राद्ध करायला रजा घेऊन येतोय, गुरुजींना सांगून झालंय. तुमच्या आवडीची खीर मी स्वतः करणार. आणि आता माझं वचन ऐका. यंदा मला दारात अडवायला तुम्ही नाही. पहिल्या पंगतीत अजयच्या शेजारी मी विनूचं पान मांडणार. तो आला तर मीच वाढीन. नाही आला तर ते पान रिकामं तसंच राहील, मी उचलू देणार नाही. आपल्या झाँसीतली मराठी घरं त्या दिवशी असतील, ज्यांनी ज्यांनी ते वाक्य म्हटलं तीही. तो आला तर ‘हा इथे कसा?’, नाही आला तर ‘हे पान कोणाचं, आणि वाढलं का नाही?’ असं कोणीतरी विचारेलच. मग मी हातातलं भांडं खाली ठेवीन आणि सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगीन, की दिशा मी दिली होती.

तुमची,
सुधा